‘लाइन’ या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात इंग्रजीच्या शिकवण्या घेताना एका शब्दावर मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात. तो शब्द कुठल्या पोथीतला नाही. आपण सकाळी उठल्यापासून तो दहा वेळा उच्चारतो: पाण्याची लाइन, दर्शनाची लाइन, पोलीस लाइन, ऑनलाइन. मुलं विचारतात, त्यांचे आई-वडील विचारतात, उद्यमनगरातल्या कारखान्यांत काम करणारे जुने विद्यार्थी रात्री मेसेज करून विचारतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘लाइन’चा मूळ अर्थ कोणता? रेघ की रांग?

दोन्ही नाही. मूळ अर्थ दोरी.

लॅटिनमध्ये जवसाच्या रोपाला ‘लिनुम’ म्हणत. त्याच्या खोडातून वाख निघतो, त्या वाखाचा दोरा वळतात. त्या दोऱ्याचं नाव ‘लिनेआ’. हा शब्द इंग्रजीत एकदा नाही, दोनदा शिरला. आधी फार जुन्या काळी, रोमन लोकांशी ऊठबस असलेल्या जर्मॅनिक टोळ्यांनी तो उचलला आणि जुन्या इंग्रजीत तो दोर, दोरखंड या अर्थानं रुळला. पुढे १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, फ्रेंच ही दरबाराची भाषा झाली आणि त्याच लॅटिन शब्दाचं फ्रेंच रूप नव्यानं आलं. दोन चुलत भाऊ एका घरात राहायला यावेत तसे हे दोन शब्द मिसळून गेले. आज इंग्रज माणसालाही त्यातला कुठला कोणता हे वेगळं करता येणार नाही.

गळाच्या दोरीला, कपडे वाळत घालायच्या दोरीला इंग्रजीत अजून ‘लाइन’च म्हणतात. मूळ अर्थ तिथे जसाच्या तसा शिल्लक आहे.

२. जवसाचा आणि या शब्दाचा संबंध खरंच आहे? जवस तर आपण चटणीत घालतो!

आहे, आणि तो एका शब्दापुरता नाही. ज्या बिया आपण भाजून चटणीला घेतो त्यांना इंग्रजीत ‘लिनसीड’ म्हणतात, म्हणजे ‘लिन’चं बी. जवसाच्या धाग्याचं कापड ते ‘लिनन’. जवसाच्या तेलापासून बनणारं जमिनीवर अंथरायचं जाड आवरण ते ‘लिनोलियम’; त्यातलं ‘ओलियम’ म्हणजे तेल. जवसाच्या बिया टिपणारा युरोपातला एक छोटा पक्षी आहे, त्याचं नाव ‘लिनेट’. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यानं १७५३ साली या रोपाला शास्त्रीय नाव दिलं ते ‘लिनम युसिटॅटिसिमम’. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘अतिशय उपयोगी’. नाव योग्यच आहे.

आपल्या गावात याचं सगळ्यात सुंदर उदाहरण चित्रकारांच्या खोलीत सापडतं. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगीच नाही. आबालाल रहमान, बाबूराव पेंटर यांचं हे गाव. तैलरंगात मिसळायचं तेल जवसाचं. चांगला कॅनव्हास असेल तर त्याचं कापड लिननचं. आणि त्यावर चित्रकार ब्रश टेकवून जी ओढतो ती लाइन. तेल, कापड आणि रेघ, तिन्हींची नावं एकाच रोपावरून आली आहेत.

नवीन बॅटला मुलं लिनसीड ऑइल चोळून ती उन्हापासून जपतात आणि मग ‘लाइन अँड लेंग्थ’ पकडून टाक म्हणून गोलंदाजाला ओरडतात. तिथेही तेच.

३. पण दोरीची रेघ कशी झाली?

या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, आमच्या घराच्या बांधकामावर मिळालं.

पाया खणायच्या दिवशी गवंडी आले. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, खुंट्यांना दोरी बांधून ती ताणली. कोपऱ्याचा काटकोन तीन, चार, पाच फुटांनी मोजून तपासला. मग त्यांच्या माणसानं मुठीत फक्की घेतली आणि दोरीच्या बाजूनं चालत चालत ती सोडली. दोरी सोडवून गुंडाळली तेव्हा जमिनीवर पांढरी सरळ रेघ उरली होती. याला सगळे ‘लाइन आउट’ म्हणतात. आणि ती दोरी मागताना गवंडी म्हणाले, “लाइनदोरी दे रं.”

मी तिथेच उभी राहिले. ‘लाइन’ म्हणजे दोरी आणि दोरी म्हणजे दोरी. आपल्या गवंड्यांनी इंग्रजी शब्द आणि त्याचा दोन हजार वर्षांपूर्वीचा अर्थ शेजारी शेजारी बांधून ठेवला आहे. रोमन बांधकामावरचे कारागीरही हेच करत होते. ताणलेल्या दोरीला ते ‘लिनेआ’ म्हणत आणि दोरी काढल्यावर मागे राहिलेल्या खुणेलाही ‘लिनेआ’च म्हणत. अर्थ बदलला तो त्या क्षणी: दोरी गेली, खूण राहिली, नाव खुणेला चिकटलं.

पुढचे सगळे अर्थ याच ताणलेल्या दोरीतून निघतात. दोरीच्या कडेनं माणसं उभी केली की रांग. दोरीसारखी तार खांबांवरून नेली की विजेची लाइन. दोरी आडवी धरून ‘याच्या पलीकडे नाही’ म्हटलं की हद्द. अर्थ अडला की मी मुलांना सांगते, डोळ्यांपुढे दोरी आणा.

४. ‘लाइन’ला एकच नेमका मराठी शब्द सांगा.

तसा शब्द नाही, आणि तो शोधू नये असं माझं ठाम मत आहे. कागदावर ओढली तर ती रेघ, भूमितीत रेषा. वहीत, कवितेत ओळ. माणसांची रांग, तीच माणसं जेवायला बसली की पंगत. झाडांची ओळ किंवा रांग. विजेची तार. कपड्यांची वळणी. तळहातावर रेषा, कपाळावर आठी. नाटकातल्या पात्राची ‘लाइन’ म्हणजे वाक्य किंवा संवाद. घराण्याची ‘लाइन’ म्हणजे वंश.

मराठीनं प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र नाव ठेवलं, इंग्रजीनं एकाच शब्दाला कामाला जुंपलं. म्हणून भाषांतरात सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. एका वहीत मला ‘ड्रॉप मी अ लाइन’चं भाषांतर ‘माझ्यासाठी एक रेघ टाक’ असं मिळालं होतं. मुलगा हुशार होता, शब्दकोशात बघूनच त्यानं लिहिलं होतं. त्याचा खरा अर्थ ‘दोन ओळी लिहून पाठव’. आपल्या पत्रांतही नेमकं हेच वाक्य असायचं.

५. मराठीत आपण ‘ती लाइन’ का म्हणतो? ‘तो लाइन’ का नाही?

इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंग नाही. आपल्याला ते द्यावंच लागतं, आणि आपण ते बहुतेक वेळा जवळच्या मराठी शब्दावरून देतो. आता प्रश्न ४ मधली यादी पुन्हा वाचा: रेघ, रेषा, ओळ, रांग, तार, दोरी, पंगत, वळणी. वाक्य, संवाद, वंश सोडले तर सगळे शब्द स्त्रीलिंगी. ‘लाइन’ला दुसरं लिंग मिळण्याची शक्यताच नव्हती. म्हणून अनेकवचनही ‘लाइनी’: दोन लाइनी सोडून लिही, गावात तीन लाइनी टाकल्या.

‘लाइनमन’ आणि ‘लायनर’ मात्र पुल्लिंगी. ते ‘तो माणूस’ आणि ‘तो भाग’ या घरात गेले.

६. ‘लाइन’ लिहायचं की ‘लाईन’?

इंग्रजी उच्चारात ‘आइ’ हा एकच जोडस्वर आहे, त्यात ‘ई’ लांबवलेली नाही. म्हणून मी ऱ्हस्व लिहिते आणि मुलांनाही तेच सांगते. ‘ऑनलाइन’, ‘पाइपलाइन’ तसंच. पण गावाचं, पेठेचं, वसाहतीचं नाव पाटीवर जसं रुळलं आहे तसं ठेवावं. ‘लाईन बाजार’ची (प्रश्न ८ पाहा) पाटी कोणी खोडू नये.

७. ‘लाइन’ आणि आपला ‘लीन’ किंवा ‘रेषा’ यांचं मूळ एकच आहे का?

नाही. ‘लीन’ संस्कृत ‘ली’ धातूवरून आला, अर्थ चिकटणं, विरून जाणं. कानाला जवळचा वाटतो, नातं काही नाही.

‘रेषा’ म्हणजे संस्कृत ‘रेखा’, आणि तिचा जन्म तर अगदी वेगळा. ‘लिख्’ म्हणजे ओरखडणं, कोरणं. ‘लेख’, ‘लेखणी’, ‘रेखा’ हे सगळे त्याच कुळातले, ‘ल’ आणि ‘र’ची अदलाबदल झालेले. म्हणजे आपल्या रेखेच्या मुळाशी ओरखडा आहे आणि त्यांच्या लाइनीच्या मुळाशी धागा. एकाच गोष्टीकडे दोन माणसांनी दोन बाजूंनी पाहिलं.

खरी तुलना करायची तर ती ‘सूत्र’ या शब्दाशी. सूत्र म्हणजे सूत, धागा. त्यावरून ते नियम, थोडक्यात सांगितलेलं वचन, गणितातलं सूत्र असं वाढत गेलं. यज्ञवेदीची मापं सांगणारी शुल्बसूत्रं आहेत, त्यातला ‘शुल्ब’ म्हणजे दोरी. तिथली भूमिती दोरी ताणूनच मांडलेली आहे. ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’वरून आला, मापाचं सूत हातात धरणारा. एखाद्याला वठणीवर आणायचं असलं की आपण म्हणतो, ‘सुतासारखा सरळ करीन’. ते सूत हेच.

आणखी एक साम्य मला फार आवडतं. उद्यमनगरात मिस्त्री म्हणतात, ‘दोन सूत कमी कर’. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इंग्रजांकडे जुन्या काळी ‘लाइन’ नावाचं माप होतं, ते इंचाचा बारावा भाग. दोन्हीकडे धाग्याचं नाव बारीक मापाला दिलं गेलं, कोणी कोणाचं न पाहता.

जाता जाता: ‘ओळंबा’ या शब्दाचा ‘ओळ’शी संबंध नाही. तो ‘अवलंब’वरून, म्हणजे खाली लोंबणारा.

८. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या ‘लाईन बाजार’ला हे नाव का? तिथे कसली लाइन?

सैनिकांची. इंग्रजांच्या लष्करात शिपायांचे तंबू किंवा खोल्या सरळ ओळींत मांडत. तेही दोरी लावूनच. त्या वस्तीला अनेकवचनी ‘लाइन्स’ म्हणू लागले. पलटणीच्या लाइन्सजवळ भरणारा बाजार तो लाइन बाजार. हे नाव आपल्या एकट्याचं नाही. धारवाडलाही लाइन बाजार आहे आणि तिथला पेढा प्रसिद्ध आहे. उत्तरेकडच्या शहरांतले ‘सिव्हिल लाइन्स’ याच पद्धतीचे, फक्त तिथे शिपायांऐवजी मुलकी अधिकाऱ्यांचे बंगले.

‘पोलीस लाइन’ हा याच शब्दाचा आजही वापरात असलेला वारस. तिथे वाढलेली मुलं ‘आम्ही लाइनीतली’ असं अभिमानानं सांगतात. बैठ्या खोल्यांच्या ओळी पाडून मजले चढवले तरी नाव लाइनच राहतं.

९. रेल्वेची ‘लाइन’ म्हणजे रूळ की मार्ग?

दोन्ही. एक रूळजोडी हीही लाइन आणि मिरज-कोल्हापूर हा अख्खा मार्ग हीही लाइन. आपली ही लाइन १८९१ साली सुरू झाली, लांबी सुमारे ४७ किलोमीटर. ती कोल्हापूर संस्थानची होती.

‘लाइन क्लिअर’ हा बोलण्यातला शब्द रेल्वेतूनच आला. पुढच्या स्टेशनानं ‘मार्ग मोकळा आहे, गाडी सोडा’ अशी परवानगी दिली की ‘लाइन क्लिअर’ मिळाली. आता लग्न ठरवताना मुलीकडून होकार आला तरी मामा म्हणतात, ‘लाइन क्लिअर हाय’.

‘एअरलाइन’बद्दल बहुतेकांना माहीत नसतं: अमेरिकेत हा शब्द आधी रेल्वेला होता. हवेतून ताणल्यासारखा सरळ मार्ग, म्हणून एअर लाइन. ‘सीबोर्ड एअर लाइन’ ही रेल्वे कंपनी होती, तिचा विमानांशी संबंध नव्हता.

१०. विजेचा लाइनमन आणि फुटबॉलचा लाइनमन, एकच शब्द का?

मराठीत एक, इंग्रजीत दोन. विजेच्या खांबावर चढतो तो ‘लाइनमन’: तारेवर काम करणारा. मैदानाच्या कडेला झेंडा घेऊन पळतो तो ‘लाइन्समन’, मध्ये ‘स’ आहे: आखलेल्या रेघांवर नजर ठेवणारा. बोलताना आपण तो ‘स’ गिळतो आणि दोघं एक होतात.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना असला की ऑफसाइडवरून सगळं स्टँड त्या झेंडेवाल्याला ‘ए लाइनमन’ म्हणून हाका मारतं. खरं तर १९९६ पासून त्याचं अधिकृत नाव ‘सहायक पंच’ आहे. तालमींच्या गर्दीपुढे ते नाव टिकणार नाही. परीक्षेत मात्र फरक लिहा.

११. इंजिनाचा लायनर, डोळ्याला लावायचा लायनर आणि जहाजाचा लायनर यांचं नातं काय?

या प्रश्नासाठी मी विचारणाऱ्याची ऋणी आहे. तिघेही ‘लाइन’चीच मुलं, पण तीन वेगळ्या वाटांनी आलेली.

आयलायनर सोपा: डोळ्याच्या कडेनं रेघ ओढतो तो. जहाजाचा लायनर म्हणजे ठरलेल्या मार्गावर जहाजं चालवणाऱ्या कंपनीच्या ‘लाइन’चं जहाज. इंजिनाचा लायनर मात्र थेट कापडातून आलेला आहे. युरोपात कोटाला, झग्याला आतून मऊ लिननचं अस्तर लावत. त्यावरून ‘लाइन’ हे क्रियापद झालं, अर्थ अस्तर लावणं. मग अस्तर लिननचं असो की रेशमाचं, शब्द तोच राहिला. पुढे सिलिंडरच्या आत बसवायच्या नळकांड्यालाही तोच शब्द लागला, कारण तेही अस्तरच: आतून बसतं, झीज स्वतः सोसतं, खराब झालं की काढून नवं घालतात. ब्रेक लायनरही त्याच घरातला. उद्यमनगरात लायनर हाताळणारा कारागीर नकळत शिंप्याचा शब्द वापरतो आहे.

१२. दुकानात ‘लायनिंगचा शर्ट’ मागितला तर रेघांचा देतात, शिंप्याकडे ‘लायनिंग’ म्हटलं की अस्तर. बरोबर कोण?

इंग्रजीच्या हिशेबानं शिंपी बरोबर (प्रश्न ११ पाहा). रेघांच्या कापडाला इंग्रजीत ‘स्ट्राइप्स’ म्हणतात. ‘लायनिंगचा शर्ट’ हा आपण घडवलेला अर्थ. मराठी बोलताना तो चूक मानायचं कारण नाही. इचलकरंजीपासून महाद्वार रोडपर्यंत कापडाच्या धंद्यातला प्रत्येक जण तो समजतो. फक्त परदेशी गिऱ्हाइकाला मेल लिहिताना जपा, नाहीतर रेघांच्या कापडाऐवजी अस्तराची ऑर्डर येईल.

१३. ‘लाइन लागली’ याचे नक्की किती अर्थ?

मला तीन माहीत आहेत आणि ते वाक्यावरून नाही, प्रसंगावरून कळतात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाबाहेरून कोणी फोनवर ‘लाइन लागलीय’ म्हणालं तर रांग. तार-टेलिफोनच्या काळात ‘मुंबईची लाइन लागली’ म्हणजे फोन जोडला गेला. आणि ‘पोराची लाइन लागली’ म्हणजे त्याचं बस्तान बसलं, धंद्याला किंवा नोकरीला लागला.

रांगेला ब्रिटिश माणूस ‘क्यू’ म्हणतो, अमेरिकन ‘लाइन’. ‘क्यू’चा मूळ अर्थ शेपूट. मिसळीच्या दुकानाबाहेरची रविवारची गर्दी पाहिली की तोही शब्द पटतो.

‘ऑनलाइन’ दुसऱ्या अर्थाच्या घरातला, म्हणजे यंत्र तारेनं जोडलेलं असणं. तार गेली, वायफाय आलं, शब्द राहिला. प्रश्न ३ मधल्या फक्कीच्या रेघेसारखंच.

१४. ‘डेडलाइन’मध्ये ‘डेड’ का?

कारण ती ओलांडणाऱ्याला खरोखर गोळी घालत. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची छावणी होती. बाहेरच्या उंच कुंपणाच्या आत काही अंतरावर एक साधा लाकडी कठडा घातला होता. त्याला डेडलाइन म्हणत. कैद्यानं तो ओलांडला की टेहळणीच्या चौकीवरून गोळी. त्या छावणीत भूक आणि रोगराईनं जवळजवळ १३,००० माणसं मेली. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत हा शब्द बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी वापरात आला.

मुलांना मी हा इतिहास सांगते आणि मग ‘मुदत’ हा शब्द वापरायला सुचवते. अर्ज भरायच्या तारखेला मुदत पुरे आहे.

१५. पुराच्या बातम्यांत ‘ब्लू लाइन’ आणि ‘रेड लाइन’ म्हणतात ती कुठे आखलेली असते?

नकाशावर. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोहोचतं ती हद्द. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी ही वेगळी गोष्ट. ती उंची आहे, पूररेषा म्हणजे जमिनीवरचा विस्तार. गल्लीगल्लीत या दोन गोष्टींची गल्लत होते, म्हणून मुद्दाम सांगते. आणि ‘२५ वर्षांतून एकदा’ ही सरासरी आहे, वेळापत्रक नाही. २०१९ ला पाणी आलं आणि दोनच वर्षांनी २०२१ ला पुन्हा आलं, हे आपण पाहिलं आहे. ज्यांच्या घराच्या भिंतीवर पाण्याची खूण अजून दिसते त्यांना या शब्दाचा अर्थ मी सांगायची गरज नाही.

१६. ‘लाइन मारणे’, ‘कुठल्या लाइनला आहेस’, ‘लाइनीवर आला’ हे इंग्रजीतून आले का?

शब्द तिथला, प्रयोग इथले. ‘लाइन मारणे’ इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं तर कोणालाच कळणार नाही. ‘लाइनीवर आला’ म्हणजे सरळ झाला, रुळावर आला. व्यवसाय या अर्थाची ‘लाइन’ इंग्रजीतही आहे, पण आपण ती जास्त जवळ केली: ड्रायव्हर लाइन, फौंड्री लाइन, सिनेमा लाइन. प्रभात कंपनी १९२९ साली याच गावात उभी राहिली, तेव्हा सिनेमा लाइन आपल्याला नवी नाही. एसटीतली ‘लाइन चेकिंग’ही अशीच, मार्गावर अचानक गाडी थांबवून तिकिटं तपासणारं पथक.

१७. भूमितीतली रेषा दिसतच नाही म्हणतात. मग ती ‘लाइन’ कशी?

युक्लिडची व्याख्या आहे: रुंदी नसलेली लांबी. फळ्यावर खडूनं काढतो त्याला रुंदी असतेच, म्हणून ती रेषेची खूण, रेषा नव्हे. पाठ्यपुस्तकात रेषा, रेषाखंड आणि किरण हे तीन वेगळे का शिकवतात हेही इथे कळतं: रेषा दोन्हीकडे अमर्याद, किरण एकीकडे, रेषाखंड दोन्हीकडे बांधलेला.

न दिसणारी लाइन प्रत्यक्ष पाहायची असेल तर किरणोत्सवाला अंबाबाईच्या देवळात जा. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात, पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले किंवा वाटेत बांधकामाचा एखादा कोपरा पुढे आला की किरणं पोहोचत नाहीत. ज्यांनी हे देऊळ उभारलं त्यांनी क्षितिजावरच्या सूर्यापासून गाभाऱ्यापर्यंत मनानं एक दोरी ताणली होती.

१८. शेवटी ‘लाइन’ असलेला प्रत्येक इंग्रजी शब्द याच कुळातला का?

नाही, आणि इथे हुशार मुलंही फसतात. ‘डिक्लाइन’ आणि ‘इन्क्लाइन’ यांत ‘लाइन’ नाही, ‘क्लाइन’ आहे. त्याचं मूळ झुकणं. ‘लेन’ आणि ‘लायन’ तर पूर्ण परके. ‘क्रिनोलिन’ ऐकायला लांबचा वाटतो, पण त्यातलं ‘लिन’ खरोखर जवसाच्या धाग्याचं आहे, कारण तो फुगीर घागऱ्याच्या आतला पोत घोड्याचे केस आणि लिनन मिळून विणत.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा शब्द ‘सलाईन’. दवाखान्यात ‘लाईन’ ऐकू येते म्हणून अनेकांना ते नळीचं नाव वाटतं. तसं नाही. लॅटिनमध्ये ‘साल’ म्हणजे मीठ, सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. मात्र त्या बाटलीपासून हाताच्या शिरेपर्यंत जी बारीक नळी येते, तिला सिस्टर ‘लाइन’ म्हणतात आणि ती खरी लाइन आहे. टांगलेली, लोंबणारी, दोरीसारखी.